दोन दिवसांचं शिबिर की बारा बैठका?

परीक्षा जवळ आली की हातपाय गळतात, हातातलं काम पुढे ढकललं जातं, रविवारी संध्याकाळीच सोमवारच्या मीटिंगचा पोटात गोळा येतो. यावर काहीतरी करायचंच असं ठरलं की पुण्यात दोन दारं समोर दिसतात. एक, शहराबाहेरच्या रिसॉर्टवर होणारं शनिवार-रविवारचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. दुसरं, मानसशास्त्रज्ञाकडे आठवड्याला एक अशा बारा ते सोळा बैठका, म्हणजे ज्याला सगळे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणूक तपासून बदलण्याचा उपचार) म्हणतात ती पद्धत. आणि कट्ट्यावर एक जण हमखास म्हणतो, मानसशास्त्र हे शास्त्रच नाही, दोन्हीकडे पैसे घालवू नकोस.

त्याच्या शंकेला आधार आहे. मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्याचे निकाल २०१५ साली आले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम दिसल्याचा दावा होता. फेरप्रयोगात तो ३६ टक्क्यांतच टिकला. छाती काढून दोन मिनिटं उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, हा २०१० चा निष्कर्ष ४२ जणांवरचा होता. पुढे २०० जणांवर पाहिलं तेव्हा संप्रेरकं बदलली नाहीत, आणि मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६ मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. नैराश्यावरच्या मानसोपचारांचंही तसंच. अमेरिकेत सरकारी अनुदानावर झालेल्या, पण कधीच न छापलेल्या चाचण्या शोधून हिशेबात धरल्या, तर उपचारांचा परिणाम सुमारे पावपटीने कमी भरला. कमी भरला, पण उरला. आणि ही झाडाझडती मुख्यतः याच विषयातल्या लोकांनी घेतली. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

शिबिराकडे वळू. त्यातून काहीच मिळत नाही असं म्हणणं अन्याय होईल. सदाशिव पेठेत खोली करून एकट्याने एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला ऐंशी-शंभर माणसांत आपली भीती मोठ्याने बोलता येते, आणि हे आपल्या एकट्याचं नाही हे कळतं. तो दिलासा खरा असतो. साधारण आठ-दहा दिवस टिकतो, असा अनुभव.

अडचण आशयात आहे. अशा शिबिरांत निखाऱ्यांवरून चालायला लावतात, पण ते मनाच्या ताकदीने जमत नाही. निखारा आणि त्यावरची राख उष्णता फार हळू पुढे देतात आणि पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून जमतं. थबकलं की भाजतं, मन कितीही खंबीर असो. सवय २१ दिवसांत लागते, हे मूळचं मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचं १९६० चं निरीक्षण, आणि तेही रुग्णांना नवा चेहरा आपला वाटायला किमान किती दिवस लागतात याबद्दलचं. लंडनमध्ये ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष नोंदवल्या तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेले. आरशासमोर स्वतःबद्दल चांगलं वाक्य घोकायला सांगतात, त्याचीही २००९ मध्ये तपासणी झाली. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी होतं, त्यांना अशा वाक्यानंतर आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याच्यासाठी उपाय, त्यालाच अपाय.

हेही एक वेळ चाललं असतं. माझा कौल ठरला तो वेगळ्याच गोष्टीवर. महिन्याभराने फरक पडला नाही असं सांगितलं की शिबिराकडून येणारं उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही मनापासून केलं नाही, आता पुढची पातळी करा. पद्धत चुकली असं म्हणायची वेळ कधी येईल, याची कुठलीच अट तिथे नसते. आधीच स्वतःला दोष देत आलेल्या माणसाच्या माथी आणखी एक अपयश मारलं जातं, आणि त्यासाठी फीही त्यानेच भरलेली असते. हे मला सहन होत नाही.

बैठकांमध्ये ही अट घालता येते. पहिल्याच दिवशी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायला सांगा: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा वर गुण म्हणजे लक्ष घालायला हवं. पाच गुणांची घट म्हणजे जाणवण्याजोगा फरक. चिंतेसाठी असाच जीएडी-७ आहे. सहाव्या बैठकीपर्यंत आकडा हलला नाही, तर दिशा बदलायची जबाबदारी उपचारकाची.

इथेही बिघडतं, मुख्यतः दोन बैठकांच्या मधे करायच्या गृहपाठात. विचारनोंदीच्या तक्त्यात प्रसंग, विचार, भावना ० ते १००, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, पर्यायी विचार असे रकाने असतात. विचाराच्या रकान्यात लोक ‘वाईट वाटलं’ लिहितात. ती भावना झाली. ‘असं माझ्याच बाबतीत का?’ असा प्रश्न लिहितात; प्रश्नाला पुरावा शोधता येत नाही, म्हणून त्याचं ‘मी नापास होणार’ असं विधान करावं लागतं. आणि रात्री आठवून लिहिलं तर मूळ विचार निसटलेला असतो, त्यामुळे प्रसंगानंतर तासाभरात मोबाइलवर दोन ओळी तरी टिपायच्या. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांचा कंटाळा शिगेला पोचतो. इंग्रजी तक्ता अडत असेल तर मराठीत मागा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, सीबीटीच्याच कुळातली विवेकनिष्ठ पद्धत डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवल्यामुळे आपल्याकडे शब्दांची वानवा नाही.

माणूस मात्र पारखून घ्यावा लागतो. ‘समुपदेशक’ ही पाटी काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावरही लागलेली दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विचारण्यात गैर काही नाही. किती बैठका, फरक कसा मोजणार, नाही पडला तर काय, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. शिबिरवाल्यांनाही हेच विचारा.

पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर ही तुलना बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा.

शिबिराचे पैसे आधीच भरले असतील तर जाऊन या. फक्त जाण्याच्या आदल्या दिवशी हे नऊ प्रश्न सोडवून कागद घडी करून ठेवा, आणि परतल्यावर चार आठवड्यांनी, तो न उघडता, पुन्हा सोडवा.