सोलापुरात जुनं घर वाढवायचंय: मेस्त्री, इंजिनिअर, इथला आर्किटेक्ट की पुण्याचा?

घर वाढवायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन ओळखीच्या मेस्त्रीला जातो. मुलाचं लग्न ठरलेलं असतं, वर दोन खोल्या हव्या असतात. मेस्त्री पावलांनी लांबी मोजतो, चौरस फुटाचा रेट सांगतो, आणि नकाशा महापालिकेपुरता कुणाकडून तरी काढून घेऊ म्हणतो. हा रस्ता स्वस्त वाटतो आणि काही घरांना तो चालूनही जातो. कुठल्या घरांना चालत नाही, ते आधी ओळखायला हवं. म्हणून माणूस निवडायच्या आधी आपलं घर कुठल्या जातीचं आहे ते बघा.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला वीस-पंचवीस वर्षांची कॉलम-बीमची घरं आहेत. मंजूर नकाशा आहे, पाया दोन मजल्यांचा काढलाय, त्याचं आरसीसी ड्रॉइंग जपून ठेवलंय आणि वर खालच्यासारख्याच खोल्या हव्यात, एवढं जुळत असेल तर महापालिकेचा परवाना असलेला इंजिनिअर पुरेसा आहे. त्याची फी कमी असते आणि परवानगीची ऑनलाइन पद्धत त्याच्या रोजच्या हाताखालची असते. फक्त गच्चीवर वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या सळया गंजलेल्या असतात. त्या तशाच पुढे जोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पेठांमधली गोष्ट वेगळी. साखर पेठेतलं आमचं घर माळवदाचं होतं. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढरी माती. ठेकेदार म्हणाला, माळवद उतरवू आणि याच भिंतींवर स्लॅब टाकू, वर आणखी एक मजला. भिंत जाड म्हणजे भक्कम, असं आम्हालाही वाटत होतं. आर्किटेक्ट आले, त्यांनी भिंतीलगत तीन ठिकाणी खणून पाया उघडा करायला लावला. एका कोपऱ्यात पाया काळ्या मातीतच थांबला होता, मुरुमापर्यंत पोचलाच नव्हता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. शिवाय एका बाजूच्या भिंतीत शेजाऱ्यांच्या तुळया टेकलेल्या निघाल्या. ती भिंत पाडली असती तर त्यांचं छप्पर खाली आलं असतं. शेवटी आतून स्वतंत्र पायाचे कॉलम घेतले, न्हाणीघर जुन्या भिंतीपासून दूर नेलं. खर्च वाढला, हे खरं आहे. पण 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवते. तिथे पडलेल्या बहुतेक घरांना मातीत रचलेल्या दगडी भिंती होत्या आणि डोक्यावर मातीचं जड छप्पर. अशा घराला हात लावताना आर्किटेक्ट आणि त्याच्यासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्व भागात मागाचा शेड राहत्या घरात बदलायचा असेल तरीही मी आर्किटेक्टच सुचवीन. शेजारच्या शेडमध्ये माग चालू असतील तर झोपायची खोली त्या सामाईक भिंतीला लागून चालत नाही, आणि पत्र्याखाली उजेड-वारा कुठून घ्यायचा हे डोकं लावून ठरवावं लागतं. महावितरणचं कनेक्शन आणि मालमत्ता कराची नोंद, दोन्ही ठिकाणी वापर बदलून घ्यायचा असतो.

आता पुण्याचा आर्किटेक्ट. कामाचे फोटो सुंदर असतात आणि काहींचं काम खरोखर उत्तम आहे. पण अंतर अडीचशे किलोमीटर. सळई बांधून झाली की स्लॅब ओतायच्या आधी कुणीतरी ती बघायला हवी, आणि त्या दिवशी तो माणूस साइटवर हवा. इथला आर्किटेक्ट संध्याकाळी चक्कर मारतो आणि गवंड्याशी तेलुगू-कन्नडमध्येही बोलतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो हे बाहेरच्याला सांगूनही उमगत नाही. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर सहा जणांच्या घराला पाच दिवसांसाठी चार हजार लिटर लागतात, म्हणजे चार टन वजन. ते सगळं गच्चीवर ठेवायचं की खाली हौद करून वर छोटी टाकी ठेवायची, यावर कॉलमचं गणित बदलतं. इथल्या माणसाचा पहिला प्रश्नच हौदाचा असतो. मे महिन्यात तापणारी पश्चिमेची भिंतही त्याने स्वतः सोसलेली असते.

कागदपत्रांत मात्र सगळे सारखेच अडतात. मालमत्ता पत्रकावर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करा. भुईकोट किल्ल्याच्या आसपास घर असेल तर जपून: संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकड्यातुकड्याने विकलेला प्लॉट असेल तर तो नियमित झालाय का ते आधी बघा. मिळालेली परवानगी एक वर्षाची असते, मुदतवाढ घेत एकूण चार वर्षांपर्यंत चालते.

आर्किटेक्ट ठरवताना पाटीवर विसंबू नका. 1972 च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच ते नाव लावता येतं. नोंदणी क्रमांक मागा, मागायला संकोच नको. फी केवळ परवानगीपुरती की देखरेखीसह, साइटला किती फेऱ्या, आरसीसी डिझाइन कोण करणार आणि त्याचे पैसे यात धरलेत का, हे लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. ठेकेदार तुमचाच विश्वासातला असू दे, पण त्याचं बिल आर्किटेक्टने तपासल्यावरच पास करा. आमच्याकडे मेस्त्री जुनेच होते आणि त्यांचं आर्किटेक्टशी छान जमलं.

आणि आर्किटेक्टने वाढवलेलं, निदान तीन पावसाळे पाहिलेलं एखादं घर दाखवायला सांगा. तिथे गेल्यावर जुनी भिंत आणि नवं बांधकाम जिथे मिळतं तो सांधा बघा, वरपासून खालपर्यंत हात फिरवून. भेग कुठे गेलीय, ओल कुठे चढलीय ते तिथेच कळतं. घरातल्या बाईंना विचारा की काम चालू असताना तो बोलावल्यावर येत होता का.