ब्रोकरवरच दावा येतो तेव्हा: पुण्यातील एका वकील कार्यालयाच्या सेवेबद्दल

विमा ब्रोकरलाच स्वतःच्या विम्यासाठी वकील गाठावा लागावा, यात थोडा विनोद आहे हे आधीच मान्य करतो. आमची छोटी ब्रोकिंग एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आहे आणि विमा नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रत्येक ब्रोकरला बंधनकारक असलेली प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल आपल्यावर दावा आला तर त्यासाठीचा विमा, आमच्याकडेही आहे. आमच्या एका ग्राहकाच्या गोदामाला आग लागली. माल एक कोटीचा आणि विमा साठ लाखांचा असल्यामुळे वीस लाखांच्या नुकसानीवर अ‍ॅव्हरेजचे कलम (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाईही कमी) लागून त्यांच्या हाती बाराच लाख पडले. उरलेले आठ लाख आमच्या चुकीच्या सल्ल्यामुळे बुडाले, अशी तक्रार त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात केली आणि आमच्या विमा कंपनीने आमचा बचावखर्च देण्यास नकार दिला.

शनिवार पेठेतल्या या कार्यालयात पहिल्या भेटीत वकीलबाईंनी तक्रार वाचण्याआधी नोटिशीचा लिफाफा मागितला आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख पेन्सिलीने वहीत उतरवून घेतली. लेखी जबाबासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. आमचे एकोणीस दिवस विमा कंपनीशी पत्रव्यवहार करण्यातच गेले होते.

खरा पेच एका ईमेलचा होता. आगीच्या आठ महिने आधी आम्ही ग्राहकाला ‘विम्याची रक्कम कमी आहे, वाढवून घ्या’ असे लेखी कळवले होते. आयोगापुढे हाच ईमेल आमचा मुख्य आधार होता. विमा कंपनी मात्र त्याच ईमेलवर बोट ठेवून म्हणत होती की, दाव्याची शक्यता तुम्हाला आधीपासून ठाऊक होती आणि रिन्यूअलच्या प्रपोजल फॉर्ममध्ये ती तुम्ही लपवली. क्लेम्स-मेड पॉलिसीत हा आक्षेप जिव्हारी लागतो, कारण तिथे चूक कधी झाली यापेक्षा दावा कोणत्या पॉलिसी वर्षात आला आणि तोवर विमेदाराला काय माहीत होते, याला महत्त्व असते. विमा कंपनीला बाईंनी दिलेले उत्तर दीड पानाचे होते: ग्राहकाला जोखमीची जाणीव करून देणे हे ब्रोकरचे रोजचे काम आहे, आग लागलेली नसताना आणि ग्राहकाची कसलीही नाराजी नसताना त्यातून आपल्यावर दावा येईल असे कोणाला कळणार? जबाबातही त्यांनी हीच भूमिका त्याच शब्दांत मांडली, म्हणजे एका ठिकाणचे म्हणणे दुसरीकडे आमच्याच अंगाशी येऊ नये. आधीच्या वकिलांना हे सुचले नव्हते (आणि मलाही, वीस वर्षे हाच धंदा करून).

तक्रारीही आहेत. ठरलेल्या फीत चर्चेच्या बैठका धरलेल्या नाहीत, हे पहिले बिल आल्यावर कळले. तारखेला बहुधा कनिष्ठ वकील येतात आणि संध्याकाळी सहानंतर फोन उचलला जात नाही.

विमा कंपनीने अखेर डिडक्टिबलच्या, म्हणजे आम्ही स्वतः सोसायच्या ठरलेल्या रकमेच्या, वरचा बचावखर्च मान्य केला. मात्र तिच्या लेखी संमतीआधी झालेला खर्च आमच्याच खिशातून गेला, आणि पॉलिसीची अट पाहता ते बरोबरच होते. आयोगातील प्रकरण सध्या पुराव्याच्या शपथपत्रांवर आहे. वकीलपत्र याच कार्यालयाकडे ठेवले आहे.