लोमे करार की नवे भागीदारी करार?

१९७५ च्या लोमे करारात युरोपने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या ४६ देशांना आपला बाजार बराचसा खुला केला. बदल्यात स्वतःच्या मालासाठी तशीच सवलत मागितली नाही. मेहेरबानीच म्हणा, पण शेतमालाची निर्यात ढासळली तर 'स्टॅबेक्स' निधीचा आधार होता.

त्याजागी आलेले युरोपचे नवे आर्थिक भागीदारी करार दुतर्फी, म्हणजे सवलत दोन्ही बाजूंनी द्यायची. त्यांतला दबाव केनियाने अनुभवला: वाटाघाटी रखडल्या आणि ऑक्टोबर २०१४ पासून काही महिने त्याच्या फुलांवर युरोपात आयात शुल्क लागलं. २०२४ मध्ये लागू झालेल्या करारानुसार केनियालाही आपला बाजार टप्प्याटप्प्याने उघडायचा आहे. कागदावर बरोबरी, तराजूत मात्र एकीकडे युरोपीय संघाचे २७ देश, दुसरीकडे एकटा केनिया. मला जुनी पद्धतच कमी ढोंगी वाटते, जरी तिच्यातही कोको आफ्रिकेचा आणि चॉकलेटचे कारखाने बहुतेक युरोपातच राहिले.