सात रस्त्यावरची क्रिप्टो रिटर्न सेवा: एक्स्चेंजपुरती चोख, वॉलेटला कच्ची

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कर सल्ला कार्यालयात क्रिप्टोचं रिटर्न भरून मिळतं. फी 2,500 रुपये, शंभर व्यवहारांपर्यंत. पुढे दर वॉलेटमागे (नाणी स्वतःच्या ताब्यात ठेवायचं डिजिटल पाकीट) वेगळे पैसे. देशातल्या एक्स्चेंजवर खरेदी-विक्री करणाऱ्यानं ही सेवा बिनधास्त घ्यावी. डीफायवाल्यानं, म्हणजे मध्यस्थाशिवाय थेट ब्लॉकचेनवर व्यवहार करणाऱ्यानं, मात्र सही करण्याआधी हिशोब स्वतः ओळ न् ओळ तपासावा.

एक्स्चेंजचं काम नीट होतं. व्यवहारांची सीएसव्ही यादी घेतात, 1 टक्का टीडीएस 26एएस या कर खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहतात, मग आयटीआर-2 मधलं शेड्यूल व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोचा तक्ता, भरतात. एका नाण्यात 50,000 नफा आणि दुसऱ्यात 40,000 तोटा असला तरी कर पूर्ण 50,000 वरच, 30 टक्के आणि वर 4 टक्के उपकर, म्हणजे 15,600. हे फी घेण्याआधी तोंडावर सांगतात, ते बरं. एक्स्चेंज एफआययूकडे (केंद्राचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग) नोंदलेलं आहे का, हेही विचारतात. मार्च 2023 पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आली आहेत, तेव्हा प्रश्न योग्यच.

घोळ सुरू होतो तो स्वतःच्या वॉलेटपासून. मध्ये कोणीतरी बसलंय, तो केवायसी घेईल आणि टीडीएस कापेल, असं धरूनच आपला कायदा चालतो. विकेंद्रित एक्स्चेंजवर समोर माणूस किंवा कंपनी नसते, असतो लिक्विडिटी पूल, म्हणजे लोकांनी टाकलेल्या टोकनांचा प्रोग्रामनं चालणारा साठा. त्याचा पॅन कुठून आणायचा? कर मात्र सुटत नाही. 1,50,000 चं इथर 1,80,000 च्या यूएसडीसीत (डॉलरशी बांधलेलं नाणं) बदललं की खात्यात रुपया न येताही 9,360 रुपये कर लागतो. एवढं कार्यालयाला माहीत आहे. अशा अदलाबदलीच्या, म्हणजे स्वॅपच्या, टीडीएसपुढे मात्र ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. का लागू नाही, ते लेखी मागून घ्या.

सगळ्यात महाग चूक ब्रिजची, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर नाणं नेण्याची. तेच नाणं एका साखळीवरून दुसऱ्या साखळीवरच्या आपल्याच वॉलेटमध्ये नेलं, तर त्यांचं सॉफ्टवेअर पहिल्या साखळीवर विक्री दाखवतं आणि दुसऱ्या साखळीवर शून्य किमतीची आवक. 60,000 ला घेतलेलं नाणं पुढे 65,000 ला विकलं की नफा 5,000 ऐवजी 65,000 धरला जातो. 1,560 च्या जागी 20,280 कर. आपल्या सगळ्या पत्त्यांची यादी आणि दोन्ही बाजूंचे ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचे ओळख क्रमांक) आधीच हातात द्या, नाहीतर हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वेळेचाही घोटाळा आहे. ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 1 एप्रिलला पहाटे दोनला केलेला स्वॅप तिथे 31 मार्चचा दिसतो आणि आर्थिक वर्षच बदलतं. शिवाय विकतानाची गॅस फी, म्हणजे साखळीवर व्यवहार नोंदवायचं शुल्क, हे लोक वजा करून दाखवतात. खरेदीखर्चाखेरीज काहीच वजा होत नाही. ती ओळ काढायला लावा.

पूलमध्ये टोकन टाकणं म्हणजे विक्री का, यावर आपल्याकडे स्पष्ट खुलासा नाही. कार्यालय न विचारता विक्री धरतं. बाजू सावध आहे, पण कर ज्याला भरायचाय त्याला विचारायला नको? युरोपियन युनियननंही 30 डिसेंबर 2024 पासून पूर्ण लागू झालेल्या मिका या क्रिप्टो कायद्यात मध्यस्थ नसलेल्या, पूर्ण विकेंद्रित सेवा बाहेरच ठेवल्या, तेव्हा इथे लगेच उत्तर मिळेल अशी आशा नको.

जुलैअखेर तिथे गड्ड्याच्या यात्रेसारखी गर्दी असते, फाईल जूनमध्येच द्या. आणि काउंटरवर वॉलेट त्यांच्या संगणकाला जोडायला सांगतात, ते करू नका. हिशोबाला सार्वजनिक पत्ता पुरतो, तो चिठ्ठीवर लिहून न्या.