सीलबंद खोक्यातला पांढरा वाघ

सात हजार दोनशे रुपये मोजून घेतलेले किट मी नऊ महिने उघडलेच नाही, आणि माझी फसवणूक पचली ती त्यामुळेच. विकणाऱ्याने लबाडी केली हे खरे. पण ती लपून राहायला जो वेळ लागतो, तो त्याला मी स्वतः, आणि तोही मोठ्या आनंदाने, दिला. विमानांची स्केल मॉडेल जोडणाऱ्या, विशेषतः बाजारात सहजी न मिळणारी जुनी किट अनोळखी माणसाकडून घेणाऱ्या मंडळींनी हा अनुभव वाचावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे शाळेचे दिवस वास्कोत गेले. 1983 च्या अखेरीस भारतीय नौदलाची पहिली सी हॅरियर विमाने दाबोळीला उतरली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे वर्गात शिक्षकांचा आवाज त्या विमानांच्या आवाजात बुडून जाणे हा आमच्या दिनक्रमाचाच भाग होता. हे विमान हवेत जागच्या जागी थांबते आणि सरळ खाली उतरते, हे पाहिलेल्या मुलाला पुढे दुसरे कोणतेही विमान फारसे आवडत नाही. 2016 साली ही विमाने दाबोळीतूनच सेवानिवृत्त झाली. बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदलाच्या विमान संग्रहालयात त्यांतले एक उभे आहे. फोंड्याहून पाहुण्यांना तिकडे नेण्याचे निमित्त मी अजूनही शोधत असतो. त्यामुळे 1:48 प्रमाणातील, एका नामांकित जपानी कंपनीचे, सीलबंद सी हॅरियर विकायला आहे आणि त्यासोबत भारतीय नौदलाच्या 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’ची, डिकलही (पाण्यात भिजवून मॉडेलवर बसवायची छापील चित्रे) मिळतील, अशी जाहिरात दिसल्यावर माझा विवेक किती काळ टिकला असेल, याची कल्पना वाचकांना करता येईल.

त्या माणसाशी फोनवर तीन वेळा बोलणे झाले. तो माहितगार होता. सी हॅरियरने सी हॉक या नौदलाच्या आधीच्या विमानाची जागा घेतली, ती ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या दोन्ही नौकांवरून उडाली, सुरुवातीला वरून गडद करडा आणि खालून पांढरा असा तिचा रंग होता, हे सगळे त्याने मी न विचारता सांगितले. ज्याला विषयाचे इतके ज्ञान आहे तो आपल्यासारखाच छंदिष्ट असणार, आणि छंदिष्ट माणूस छंदिष्टाला फसवत नाही, असा एक भाबडा हिशेब माझ्या मनात तयार झाला. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत खोके सहाही बाजूंनी दाखवले होते. आतल्या स्प्रूंचे, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचे, एखादे छायाचित्र मिळेल का, असे मी एकदाच विचारले. त्यावर तो जवळजवळ दुखावल्यासारखा म्हणाला, “सर, सील तोडून कसं दाखवू? सील गेलं की निम्मी किंमत गेली. तुम्हीसुद्धा तोडू नका हां, उद्या विकायचं म्हटलं तर दुप्पट मिळतील.”

त्याची सगळी कारागिरी या एका वाक्यात होती, हे मला फार उशिरा कळले. पैसे मोबाइलवरून गेले, चौथ्या दिवशी पार्सल आले, खोके बाहेरून निर्दोष होते, आणि मी ते कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. “अहो, निदान उघडून तरी बघा, आत काय आहे ते,” असे सौभाग्यवती म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना सीलचे महत्त्व समजावून सांगितले. फसवणाऱ्याचे वाक्य मी माझ्या घरात माझ्या तोंडाने म्हटले.

चतुर्थीला दीड दिवसाचे गणपती पोचवून झाल्यावर भाचा म्हणाला, “मामा, हे तरी जोडूया ना.” मी तयार झालो. प्लास्टिकचे वेष्टण कापताना प्रथमच माझ्या लक्षात आले की त्याचा सांधा तळाशी वाकडातिकडा गेला आहे आणि दोन कोपऱ्यांवर प्लास्टिक वितळून त्याच्या गाठी झाल्या आहेत. असे वेष्टण कोणालाही विकत मिळते आणि केस वाळवण्याच्या यंत्राच्या गरम हवेने घरच्या घरी ताणून बसवता येते. आत वरच्या बाजूला जपानी सूचनापत्रिका होती, अस्सल. तिच्याखाली करड्या प्लास्टिकचे तीन स्प्रू एका साध्या पिशवीत कोंबलेले होते, आणि त्यांच्याखाली खोके भरलेले वाटावे व हलवल्यावर पोकळ वाजू नये म्हणून थर्माकोलचा तुकडा आणि पुठ्ठ्याच्या घड्या होत्या.

विमानाच्या धडाचा अर्धा भाग हातात घेताच तो लहान वाटला. खरे सी हॅरियर सुमारे साडेचौदा मीटर लांब होते. तेव्हा 1:48 प्रमाणात मॉडेल तीस सेंटीमीटरच्या आसपास भरले पाहिजे, आणि 1:72 मध्ये वीसच्या आसपास. भाच्याने कंपासपेटीतली पट्टी आणली. धड वीस सेंटीमीटरसुद्धा भरले नाही. त्याहून वाईट म्हणजे ते सी हॅरियर नव्हतेच. नौदलाच्या गरजेसाठी मूळ हॅरियरमध्ये जे बदल केले गेले त्यांत वैमानिकाची बैठक सुमारे 28 सेंटीमीटर उंच केली गेली, वर फुगीर कॅनॉपी, म्हणजे बैठकीवरचे पारदर्शक झाकण, आली आणि पुढे रडारचे नाक आले. माझ्या हातातल्या धडाची पाठ कॅनॉपीमागे सपाट जात होती आणि नाक निमुळते होते. म्हणजे ही ब्रिटिश हवाई दलाची जमिनीवरून उडणारी जुनी हॅरियर होती, कुठल्याशा झिजलेल्या साच्यातून काढलेली. साचा झिजला की त्याच्या दोन अर्ध्या भागांत फट राहते आणि तीतून प्लास्टिक बाहेर झिरपून कडांना पातळ पापुद्रे धरतात. त्यांना फ्लॅश म्हणतात. पंखाखालच्या आधारचाकांच्या दांड्यांना हा पापुद्रा इतका होता की दांडी कुठे संपते आणि पापुद्रा कुठे सुरू होतो, ते नखाने चाचपडून पाहावे लागले.

तरीही मी स्वतःची समजूत घालत होतो की डिकल तरी खरी असतील. कागदावर विमानाच्या शेपटीवरचा वाघ छान दिसत होता, पट्टे रेखीव होते. एक वाघ कापून कोमट पाण्यात सोडला. अर्ध्या मिनिटात काळे पट्टे जांभळट होऊन पाण्यात पसरू लागले आणि वाटीतले पाणी शाईच्या दौतीसारखे झाले. घरगुती इंकजेट छपाईवर पारदर्शक वार्निशचा थर दिला नाही तर हेच होते. दुसऱ्या वाघावर मी आधी वार्निश मारले आणि तो वाचवला. तो करड्या प्लास्टिकवर बसवला तेव्हा पट्टे राहिले, वाघ मात्र गेला. घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. कागदावर जे पांढरे दिसत होते तो कागदाचाच रंग होता, आणि डिकलची पारदर्शक फिल्म कागदावरून सुटली की त्या जागी खालचा करडा रंग दिसणार. भाचा हसला. मी त्या दिवशी हसू शकलो नाही, पण पांढऱ्या वाघाच्या नावाने पैसे घेऊन पांढऱ्या रंगाशिवाय वाघ छापण्याचे धाडस आजही मला थक्क करते.

त्या रात्री फोन लावला तर क्रमांक बंद होता, जाहिरात काढलेली होती. पोलीस ठाण्यात मी लेखी तक्रार दिली. तेथील हवालदारांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न तोच विचारला ज्याचे माझ्याकडे उत्तर नव्हते : पार्सल आले कधी आणि उघडले कधी? अशा ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते. नऊ महिन्यांनी केलेल्या तक्रारीत अडवण्यासारखे काहीच उरलेले नसते.

या प्रकारानंतर मी खरेदीची रीत बदलली आहे, ती सांगतो. परक्या माणसाकडून घेताना खोक्याचे छायाचित्र मला नको असते. स्प्रूंचे हवे असते, आणि तेही सूचनापत्रिकेतील सुट्या भागांच्या नकाशाशेजारी ठेवून काढलेले. प्रत्येक स्प्रूवर त्याचे अक्षर असते, बहुधा कुठेतरी कंपनीचे नाव असते, कधी साचा घडवल्याचे सालही कोरलेले असते. हे नकाशाशी जुळले नाही तर बोलणे तेथेच संपते. सूचनापत्रिका अस्सल असणे पुरेसे नाही, हे मी पैसे देऊन शिकलो आहे. “सील तोडता येणार नाही,” असे उत्तर आले तर ते किट संग्राहकाने घ्यावे, जोडणाऱ्याने नव्हे. घेतलेच तर पार्सलवरचे वजन दिसेल असे धरून, पहिली पट्टी कापण्यापासून शेवटचा स्प्रू बाहेर काढेपर्यंतचे सलग चित्रीकरण त्याच दिवशी करावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण माझे काही स्नेही आता प्रत्येक जुन्या साच्याला खोटा म्हणू लागले आहेत. जुना साचा नव्या खोक्यात येणे ही मॉडेलच्या धंद्यातली राजरोस पद्धत आहे. रेव्हेल या कंपनीच्या खोक्यात हासेगावा या दुसऱ्या कंपनीचे प्लास्टिक निघते, आणि त्यात कोणी कोणाला फसवत नाही. नव्या किटवर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा खोदलेल्या असतात आणि जुन्यांवर बहुधा उठावदार, पण उठावदार रेषांची मोनोग्राम कंपनीची कित्येक जुनी किट आकाराच्या अचूकतेत आजही मान राखून आहेत. जुने असणे हा दोष नव्हे. सांगितले एक आणि दिले दुसरे, हा दोष. तो ओळखण्यासाठी विमानाची खरी लांबी ठाऊक असावी, ती प्रमाणाने भागावी आणि पट्टी हाताशी ठेवावी. पाचवीतल्या मुलाला जमते ते मला नऊ महिने सुचले नाही.

चतुर्थीनंतरच्या रविवारी कपाटातली उरलेली अकरा खोकी आम्ही दोघांनी मिळून उघडली. सौभाग्यवती सूचनापत्रिकेतील अक्षरे वाचत होत्या आणि मी स्प्रू दाखवत होतो. दहा पूर्ण निघाली. अकराव्यात, एका सी हॉकच्या किटात, प्लास्टिक सगळे होते, पण डिकलचा कागद आणि वरचा पातळ कागद दमटपणाने एकमेकांना चिकटून बसले होते. गोव्यातले चार पावसाळे बंद खोक्यात काढल्यावर दुसरे काय होणार. त्याचा दोष मात्र कोणावर ढकलता येत नाही. आता प्रत्येक डिकलचा कागद स्वतंत्र पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, डब्यात असतो.

त्या खोट्या हॅरियरच्या धडावर आम्ही रंग तपासतो. पावसाळ्यात लॅकर मारला की हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढुरकी साय धरते, म्हणून मॉडेलवर हात टाकण्याआधी या धडावर एक फवारा मारून पाहणे सोयीचे पडते. आतापर्यंत सहा-सात थर झाले असतील. उठावदार रेषा जवळजवळ बुजल्या आहेत.