जुन्या वस्तूचा फळा: वस्तू कुठली घ्यावी, रंग कुठला लावावा

खडूने लिहायचा फळा बनवण्यासाठी जुन्या वस्तूंच्या दुकानातून काहीही उचलण्याआधी एवढं ठरवून घ्या: त्यावर रोज लिहून पुसायचंय, की एखादी ओळ सुरेख अक्षरात लिहून महिनोन्‌महिने तशीच ठेवायचीय? कामांची यादी लिहायचा फळा आणि भिंतीची शोभा म्हणून लावलेला फळा दिसायला सारखेच. पण एकाला रोजचं घासणं सोसावं लागतं, दुसऱ्याला नाही. वस्तू आणि रंग दोन्हींची निवड इथूनच ठरते.

सगळ्यात सहज मिळते ती फोटोफ्रेम. तिची आतली काच रंगवता येते, किंवा काच काढून त्या जागी हार्डबोर्डचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या पातळ, कडक फळीचा) तुकडा बसवता येतो. काच अगदी सपाट असल्यामुळे तिच्यावर अक्षर सफाईदार येतं. पण काचेत रंग मुरत नाही, नुसता वर बसून राहतो. खडूच्या टोकाचा जोरात ओरखडा गेला की पापुद्रा सुटतो. काचच रंगवायची असेल तर आधी स्पिरिटने पुसून बोटांचे ठसे घालवा आणि काच-टाइलवर धरणारा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला लेप, लावा. रोजच्या वापराला मी हार्डबोर्डच घेते, गुळगुळीत बाजू वर ठेवून. फ्रेमच्या मागचा मूळ पुठ्ठा मात्र वापरू नका. एका बाजूने ओला रंग लागला की तो वाकतो, आणि मग फ्रेममध्ये नीट बसत नाही.

लाकडी ट्रे किंवा कपाटाचं सुटं दार रंग छान धरतं, पण लाकडाच्या रेषा रंगाखालूनही दिसतात. विकत घेण्याआधी पृष्ठभागावरून नख फिरवा. नख अडखळलं तर खडूही अडखळणार, आणि त्या खाचांत बसलेली पांढरी भुकटी फडक्याने निघणार नाही. पुट्टी भरून घासायची तयारी असेल तरच ती वस्तू घ्या. पॉलिश असलेलं लाकूड आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं लागतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: खूप जुन्या, खपल्या सुटणाऱ्या रंगात शिसं असू शकतं. अशी वस्तू कोरडी घासू नका. घरात लहान मूल असेल तर ती दुकानातच राहू द्या.

माझा कौल पत्र्याच्या ट्रेला. दुकानात जाताना खिशात छोटं चुंबक ठेवा. ट्रेला चिकटलं तर तुम्हाला एकाच वस्तूत दोन सोयी मिळाल्या, कारण रंग दिल्यावरही चुंबक चिकटत राहतं: खडूने लिहा आणि शेजारी चिठ्ठीही लावा. ॲल्युमिनियमवर हे जमत नाही. थोडा गंज असला तरी बिघडत नाही, तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमरचा एक हात द्या. पत्रा सपाट आहे, वाकत नाही आणि काठ आयते वळलेले असतात, त्यामुळे वेगळी फ्रेमही लागत नाही.

चिनी मातीच्या बशा, बरण्या, बाटल्या फक्त शोभेसाठी. रंगवलेल्या भागावर खायचं काही ठेवू नका.

आता रंग. दुकानात नावाची गल्लत होते, म्हणून आधी तेच सांगते. ‘चॉक पेंट’ हा फर्निचरला मंद, खडूसारखा पोत देणारा रंग आहे. त्यावर लिहिता येईलच असं नाही. आपल्याला हवा तो ‘चॉकबोर्ड पेंट’.

तयार डब्यातला चॉकबोर्ड पेंट रोजच्या फळ्यासाठी सगळ्यात भरवशाचा, कारण सुकल्यावर तो कडक होतो. तो ब्रशऐवजी फोमच्या छोट्या रोलरने लावा. ब्रशच्या रेघा आधी दिसत नाहीत, खडू फिरवल्यावर उमटतात. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मधे हलकं घासणं. स्प्रे कोरीव फ्रेमला आणि गोलाकार वस्तूंना उत्तम. पण थर पातळ बसतो, त्यामुळे तीन-चार हात लागतात, आणि रोज पुसण्याने तो लवकर झिजतो. फवारणी मोकळ्या हवेत, मास्क लावूनच करा.

घरगुती मिश्रणाचं आकर्षण रंगांमुळे आहे. आठ भाग ॲक्रिलिक रंगाला एक भाग वाळू नसलेलं टाइल ग्राउट (टाइलांच्या फटी भरायची पूड), की हवा तो निळा किंवा गुलाबी फळा तयार. पण मिश्रणात गुठळ्या राहतात, ते लवकर घट्ट होतं, आणि पृष्ठभाग डब्यातल्या रंगाइतका टणक होत नाही. लागेल तेवढंच कालवा. शोभेच्या फळ्याला ते खुशाल वापरा. रोजच्या यादीच्या फळ्याला मी वापरणार नाही.

चिकटपट्टीसारखे काळे कागदही मिळतात. सपाट वस्तूवर दहा मिनिटांत काम होतं आणि कंटाळा आला की सोलून काढता येतात. खडबडीत जागी मात्र कडा सुटतात.

कुठलाही रंग लावा, लिहायची घाई करू नका. हाताला कोरडा लागला तरी आतून घट्ट व्हायला साधारण तीन दिवस लागतात. डब्यावर जास्त मुदत असेल तर तीच पाळा. मग खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ही पायरी मी पहिल्या ट्रेला गाळली होती. त्यावर पहिल्यांदा लिहिलेले शब्द पुसल्यावरही पुसट दिसत राहिले, शेवटी घासून पुन्हा रंगवावं लागलं. खडूची भुकटी आधीच बारीक छिद्रांत बसली, की नंतरचं लिखाण वरच्यावर राहतं आणि स्वच्छ निघतं.

लिक्विड चॉक मार्कर, म्हणजे खडूसारखं उमटणारं ओल्या शाईचं पेन, वापरणार असाल तर आधी सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक रेघ ओढा, वाळू द्या आणि ओल्या फडक्याने पुसून बघा. रेघ राहिली, तर त्या फळ्यावर साधाच खडू चालवा.