दोन कोडांचं फेज-प्रतिरोधक दही कल्चर: चार तारे, पाचवा पाकिटाच्या आकारापायी गेला

कोरेगाव तालुक्यात आमचं छोटं डेअरी युनिट आहे. कपातलं दही करतो आणि मिठाईवाल्यांना चक्का देतो. घरी वाटीभर दही लावणाऱ्यांनी हे कल्चरचं (म्हणजे तयार विरजणाचं) पाकीट घेऊ नये, तुमचं कालचं विरजण याहून भारी आहे. त्यात नाना जातींचे जिवाणू असतात; एक गारद झाला तर दुसरा काम उरकतो. आम्हाला रोज तीच चव, तीच घट्टाई हवी म्हणून आम्ही जिवाणूंचे मोजके दोन-तीन स्ट्रेन (म्हणजे वाण) वापरतो आणि तिथेच फेजचं फावतं.

फेज म्हणजे जिवाणूंना लागण करणारे विषाणू. माणसाला त्यांचा काही त्रास नाही, पण दह्याच्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसला आहे. प्रत्येक फेजला ठरावीक स्ट्रेनच चालतो. तो पेशीच्या भिंतीला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि पेशीला स्वतःच्या नकला काढायला लावतो. साधारण अर्ध्या-पाऊण तासात पेशी फुटते आणि डझनांनी, कधी शंभराच्या वर नवे फेज बाहेर पडतात. तेवढ्या वेळात जिवाणू एकाचे दोन होतात, फार तर चार. हिशेब कुणाच्या बाजूने झुकणार ते सांगायला नको.

आधीच्या कल्चरचं (नाव घेत नाही) असंच झालं. 42 अंशांवर पाच तासांत पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं दही आंबट) 4.6 ला यायचा, तो चक्क्याचा सीझन सुरू झाला की 5.2 ला अडकून बसायचा. कप तिरका केला की दही हलायचं, आंबटपणा नावालाही नाही. त्यांच्या माणसाचं उत्तर ठरलेलं, "ताई, डोस वाढवा." डोस वाढवल्यावर थोडे दिवस निभावलं. पण खोलीत फेज तसेच असले तर जादा कल्चर घालणं म्हणजे त्यांच्याच पंगतीत आणखी पानं मांडणं.

हे नवं कल्चर 'अ' आणि 'ब' अशा दोन कोडांत येतं. चव आणि आंबण्याचा वेग जवळपास सारखा, स्ट्रेन मात्र असे निवडलेले की 'अ'ला लागणारा फेज 'ब'ला लागत नाही. काही दिवस 'अ', मग 'ब', पुन्हा 'अ'. कंपनीचा हा दावा मी कागदावर सोडला नाही. अडकलेल्या बॅचची निवळी (दह्यातून सुटणारं पाणी) 0.45 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळली. त्यात जिवाणू अडकतात, फेज पार होतात. उकळून गार केलेल्या दुधाच्या चार बाटल्या घेतल्या. दोनांत जुनं कल्चर, दोनांत 'ब', आणि प्रत्येक जोडीतल्या एकीत चमचाभर गाळलेली निवळी. संध्याकाळी जुन्या कल्चरची निवळीवाली बाटली पातळच होती, बिननिवळीची घट्ट. 'ब'च्या दोन्ही बाटल्या एकसारख्या लागलेल्या. आपल्याकडे बॅच बिघडली की पहिला संशय दुधातल्या अँटिबायोटिकवर जातो. तसं असतं तर त्याच दुधात दोन्ही कल्चरं रखडली असती आणि निवळी घालण्या-न घालण्याने फरक पडला नसता.

माहितीपत्रकात 'फेज-रोबस्ट' असं मोठ्या अक्षरांत छापलंय. त्यामागचं शास्त्र खरं आहे आणि ते दह्याच्याच धंद्यातून आलंय, याचं मला भारी कौतुक वाटतं. 2007 मध्ये डॅनिस्को कंपनीत बारांगू, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर्मोफिलसवर मुद्दाम फेज सोडले. जे जिवाणू तगले, त्यांतल्या काहींनी त्या फेजच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या डीएनएत, क्रिस्पर नावाच्या भागात, जपून ठेवला होता. तोच फेज पुन्हा आला की त्या तुकड्याच्या आधाराने त्याला ओळखून त्याचा डीएनए कापला जातो. असे तगलेले स्ट्रेन निवडता येतात, त्यासाठी बाहेरून जनुक घालावं लागत नाही. "हे जीएम (जनुक बदललेलं) आहे का हो?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगते. पण फेजही गप्प बसत नाही. त्या तुकड्याशी जुळणाऱ्या जागेत एका अक्षराचा बदल झाला तरी तो निसटू शकतो. म्हणून 'रोबस्ट' वाचून कोड बदलणं थांबवू नका.

आणि कल्चर कितीही चांगलं असलं तरी निवळीचे शिंतोडे बंद केल्याशिवाय पैसे वाया. आम्ही दूध 90 अंशांवर पाच मिनिटं धरतो, त्यात बहुतेक फेज मरतात. ते परत येतात हवेतून आणि हातातून. आमच्याकडे चक्क्याची फडकी टाकीपासून चार हातांवर टांगलेली असायची. आता ती वेगळ्या खोलीत आहेत, आणि तिकडे काम केलेल्या मावशी त्या दिवशी टाकीकडे फिरकत नाहीत. फरशीला पेरासेटिक ॲसिड मारतो. नुसतं स्पिरिट फिरवून फेज जात नाहीत. नव्या कल्चरनंतर बॅच अडकली नाही, याचं निम्मं श्रेय या खोल्यांच्या फेरफाराचं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता तक्रारी. सगळ्यात लहान पाकीट 500 लिटरचं, आम्ही एका वेळी 200 लिटर लावतो. पाकीट फोडून अर्धं वापरू नका असं तेच सांगतात, आणि बरोबर आहे, कारण दाण्यांत स्ट्रेन सारखे वाटलेले नसतात आणि ओलही धरते. मग लहान डेअरीने करायचं काय? शेजारच्या गावातल्या एका युनिटबरोबर दूध एकत्र करून मी वेळ मारून नेते, पण हा काही मार्ग नव्हे. चवीत थोडी उणीव आहे: दही सौम्य लागतं, जुन्या पिढीच्या गिऱ्हाइकांना आणखी आंबट हवं असतं. चक्क्याला हा सौम्यपणा उलट चांगला, साखर कमी लागते.

डीलरकडून घेताना दोन्ही कोड एकदम मागा. 'ब' संपलाय म्हणून 'अ'चीच दोन पाकिटं गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. पाकीट उणे 18 च्या फ्रीजरमधून काढून देतायत ना, तेही बघा. आमच्या डीलरने एकदा काउंटरखालच्या साध्या फ्रीजमधून काढलेलं मी तिथेच परत केलं.